परमुलखातल्या कुरबुरी

येलदरीच्या शाळेत परगावचा नवा शिक्षक आला, की महिना-दीड महिना त्याची कुरबूर चालते. कालवणात तिखट फार, गाडी वेळेवर नाही, पोरांची बोली समजत नाही. आम्ही हसतो आणि ‘पडेल सवय, गुरुजी,’ म्हणून सोडून देतो. मीही हसत आलो. पण १९७७ साली प्रसिद्ध झालेला पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचल्यापासून ते हसू ओसरले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. विलायत पाहिली ती अशा पुस्तकांतूनच.

१८८३ साली रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकावे असे मनात होते. वाढत्या बहिरेपणामुळे ते राहून गेले. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८४ पासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. धर्म एक झाला, तेव्हा कटकटी मिटायला हव्या होत्या. झाले उलटेच.

पहिली कुरबूर ताटावरची. धर्म बदलला तरी रमाबाई शाकाहारीच राहिल्या. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी पत्रातून उलट विचारले, की हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज बाईने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? दुसरी कुरबूर क्रुसावरच्या अक्षरांची. ती लॅटिन होती. आपल्याला न कळणारी भाषा अंगावर का वागवावी, संस्कृत अक्षरे का नकोत, असे या पंडितेचे म्हणणे. तिसरी वर्गावरची. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. यावर रमाबाईंना नवल वाटले. जी हरकत आपल्या वडिलांनी घेतली नाही, पतीने घेतली नाही, ती या सुधारलेल्या लोकांनी घ्यावी!

या गोष्टी क्षुल्लक म्हणाव्यात अशाच आहेत. पण माणसाला ताबेदार करायचे, तर सुरुवात अशा क्षुल्लक गोष्टींपासूनच होते. काय खावे, कोणती अक्षरे ल्यावीत, कोणाला शिकवावे, हे दुसऱ्याने ठरवले, की स्वतःचे म्हणून उरते काय? बाईंना मठाचे उपकार मान्य होते. उपकाराखाली वाकणे मान्य नव्हते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. तेथे विधवा मुलींना आपापले सोवळे आणि खाण्यापिण्याचे नियम पाळण्याची मोकळीक होती. पुढे धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूला झाले. तो वाद इतिहासात सविस्तर नोंदला आहे. मला मात्र सदनातल्या त्या ताटांची आठवण अधिक राहते. परमुलखात जे स्वतःला सोसावे लागले, ते या बाईने आपल्या दाराशी आलेल्या परक्या पोरीला सोसायला लावले नाही.

यंदा आमच्या शाळेत नवे गुरुजी आले. मी हसलो नाही. तिखट किती चालेल, एवढे आधी विचारून घेतले.