गॅमा किरणांची हजेरी



अजिंठ्याला येऊन लेण्यांवर न बोलणाऱ्या वक्त्याला आपण क्षमा करावी. परंतु त्या लेण्यांच्या काळ्या कातळातही थोडे पोटॅशियम आहे, आणि त्याचा एक विरळ प्रकार गॅमा किरण सोडीत असतो. भिक्षू तेथे राहत होते तेव्हाही ते निघत होते. मोजणारे मात्र कोणी नव्हते. ह्या मोजणीचा इतिहास मी सांगणार आहे. मी पदवीधर नव्हे. कामगारांचे काम करता करता जे वाचले, त्यावर बोलतो.

तरुणपणी मी ज्या कारखान्यात होतो, त्याच्या फाटकावर एकच हजेरी-कारकून असे. तो एकाचे नाव लिहीपर्यंत मागचे पन्नासजण खोळंबत, आणि भोंगा झाला की अर्धा रोज कापला जाई. वेळेवर आलो होतो म्हणावे, तर वहीत नाव नाही!

गायगर आणि म्युलर यांच्या १९२८ सालच्या नळीची गत हीच. एक कण टिपला की सेकंदाचा सुमारे दहाहजारावा भाग ती आंधळी. शास्त्रज्ञ ह्याला मृतकाळ म्हणतात. भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली निघाली. पुढच्या दशकात तिचे संशोधक अशा नळ्या घेऊन कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. तिथे खोलवर वैश्विक किरणच विरळ, म्हणून आंधळेपण निभावले. (त्यांच्यासोबत खाली उतरणाऱ्या खाणकामगारांची नावे मी वाचलेल्या पुस्तकांत भेटली नाहीत, हे जाता जाता सांगतो.)

कुलाब्यास १९८८ साली पेलेट्रॉन त्वरक सुरू झाला, तेव्हा प्रश्न निराळा झाला. तिथे अणुकेंद्रके आदळतात आणि एकाच वेळी अनेक गॅमा किरण बाहेर पडतात. ते टिपण्यासाठी 'इंगा' ही मांडणी केली: २४ शोधक, प्रत्येकात जर्मेनियमचे चार स्फटिक, द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेले. जुन्या पद्धतीत एक घटना नोंदवली जाईपर्यंत सगळ्यांनी थांबायचे. पुन्हा एकच कारकून!

रुद्रज्योती पालित व सहकाऱ्यांनी २०१२ साली ज्या नव्या यंत्रणेचे वर्णन प्रसिद्ध केले, तिच्यात ९६ स्फटिकांना ९६ कारकून आहेत. स्फटिकातून येणारा विजेचा दाब सेकंदाला दहा कोटी वेळा आकड्यात लिहिला जातो. त्याच्या पायऱ्या ४०९६. कार्डावरची चिप तिथल्या तिथे ठोक्याआधीच्या आकड्यांची सरासरी ठोक्यानंतरच्या सरासरीतून वजा करते. ह्या फरकावरून किरणाची ऊर्जा कळते. सरासरी जितकी लांब, तितकी मोजणी नेमकी. पण तितका वेळही जातो. म्हणून हिशेब दोन ठेवतात. झटपट हिशेब फक्त 'कोणी आले' एवढेच टिपतो. सावकाश हिशेब ऊर्जा मोजतो. दोन ठोके एकमेकांवर चढले, तर ऊर्जेची मोजणी बिघडते आणि ती टाकून द्यावी लागते. मृतकाळ गेलेला नाही. पण आले किती आणि नोंदले किती, हे दोन्ही आकडे हाताशी राहतात, आणि निसटलेल्यांचा हिशेब मांडता येतो.

आमच्या फाटकावर आम्ही कारकून वाढवून मागितले, आणि भांडणाअंती एक वाढवूनही मिळाला. भोंग्याच्या वेळी रांगेत किती माणसे उभी होती ते लिहून ठेवा, ही मागणी मला तेव्हा सुचलीच नाही.