वस्तुसंग्रहालयीन अंकीय प्रतिमाने

वस्तुसंग्रहालयातील वस्तूचा आकार, पृष्ठभाग व रंग यांची मोजमापे घेऊन संगणकावर तयार केलेल्या तिच्या त्रिमितीय प्रतिरूपास अंकीय किंवा डिजिटल प्रतिमान म्हणतात. लेसर किरणांनी पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंची स्थाननिश्चिती करणे, निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून गणिताने आकार काढणे आणि अंतर्भागासाठी क्ष-किरणांनी छेदचित्रे घेणे, या त्याच्या प्रमुख पद्धती होत. मूळ वस्तू न हाताळता तिचा अभ्यास करता येतो, हा लाभ उघडच आहे. तथापि अशा प्रतिमानाचे खरे मोल मूळ वस्तू नष्ट झाल्यावर कळते.

प्रतिकृतीच्या द्वारे जतन करण्याची कल्पना जुनी आहे. रोममधील ट्रेजनच्या स्तंभाचे साचे तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेवरून १८६१–६२ मध्ये घेण्यात आले. त्या स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दोन खंडांत उभी आहे. मूळ शिल्पपट्ट नंतर प्रदूषणाने झिजल्यामुळे त्यातील काही बारकावे आता या प्रतिकृतीतच अधिक स्पष्ट दिसतात. अजिंठ्याचा अनुभव नेमका उलट आहे. रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर तेथील भित्तिचित्रांच्या ज्या मोठ्या तैलरंगी नकला केल्या, त्यांपैकी बहुतेक लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्याचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळशा साउथ केन्सिंग्टन येथे आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. भिंतींवरील चित्रे राहिली आणि नकला गेल्या. संगणकीय फायलींचीही गत याहून वेगळी नाही. साठवणीची साधने बिघडतात, फायलींचे प्रकार कालबाह्य होतात. त्यामुळे प्रतिमान एकदा करून भागत नाही, ते वेळोवेळी नव्या साधनांवर उतरवून ठेवावे लागते.

मोठ्या शिल्पाच्या सूक्ष्म मोजणीचा आद्य प्रयत्न म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने १९९८–९९ मध्ये इटलीत केलेल्या कामाचा उल्लेख करावा लागेल. फ्लॉरेन्स येथील मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ या पुतळ्याच्या मोजणीतून सु. २ अब्ज बहुकोनांचे प्रतिमान व ७,००० रंगीत छायाचित्रे मिळाली. पुतळ्याची उंची ५·१७ मी. भरली, कलेतिहासाच्या अनेक ग्रंथांत ती तोवर ४·३४ मी. अशी छापली जात होती. इतक्या प्रसिद्ध शिल्पाबाबतही ग्रंथांनी एकमेकांचे आकडे उतरवून घेतले, ही गोष्ट अभ्यासकांना अंतर्मुख करणारी आहे.

रिओ दे जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयास (स्थापना १८१८) २ सप्टेंबर २०१८ रोजी आग लागली. तेथे सु. २ कोटी वस्तू व नमुने होते. त्यांतील बहुतांश संग्रह नष्ट झाला. संग्रहातील काही निवडक वस्तूंची प्रतिमाने आधीच करून ठेवलेली होती. ईजिप्तच्या खेदिवाने सम्राट दुसऱ्या पेद्रूला भेट दिलेली, कधीही न उघडलेली शवपेटी जळून गेली. परंतु छेदचित्रांमुळे तिच्या अंतर्भागाची नोंद शिल्लक राहिली. ‘लुझिया’ या सु. ११,५०० वर्षांपूर्वीच्या स्त्रीच्या कवटीचे तुकडे राखेत सापडले. तिचेही प्रतिमान उपलब्ध होते. ज्या लक्षावधी नमुन्यांचे मोजमाप झालेच नव्हते, त्यांच्याबाबत मात्र असा कोणताच आधार उरला नाही.

विनाशानंतर जमविलेल्या सामग्रीवरून केलेले प्रतिमान या कोटीत बसत नाही. इराकमधील मोसूल संग्रहालयातील शिल्पे फोडल्याची दृश्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर स्वयंसेवकांनी लोकांकडील जुनी छायाचित्रे गोळा करून काही शिल्पांची प्रतिमाने बनविली. छायाचित्रांत न आलेली बाजू तीत रिकामी राहते किंवा अनुमानाने भरावी लागते. स्मृती म्हणून अशा कामाचे मोल मोठे आहे. मोजमापाचा पुरावा म्हणून ते मर्यादित ठरते.

प्रतिमान कोणाला खुले असावे, हा प्रश्न अद्याप वादग्रस्त आहे. ‘डेव्हिड’चे संपूर्ण प्रतिमान इटालियन अधिकाऱ्यांच्या अटींमुळे केवळ संशोधनापुरते ठेवण्यात आले. याउलट स्मिथसोनियन संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये सु. २८ लक्ष प्रतिमा निर्बंधरहित केल्या व त्यांत त्रिमितीय प्रतिमानांचाही समावेश केला. बर्लिनमधील नेफरतीतीच्या अर्धपुतळ्याचे अधिकृत प्रतिमान मिळविण्यासाठी कॉस्मो वेनमन या अमेरिकन कलावंतास काही वर्षे पाठपुरावा करावा लागला. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या या कलाकृतीच्या प्रतिमानाच्या तळाशी व्यापारी वापरास मनाई करणारी अट कोरलेली आढळली. मूळ पुतळ्यावर अर्थातच असा कोणताही मजकूर नाही.