रानपिंगळा आणि कॅमेऱ्याची साक्ष

नर्मदेच्या दक्षिण तीरावरील मणिबेलीपासून तोरणमाळच्या पठारापर्यंत पसरलेला सातपुडा हा नंदुरबार जिल्ह्याचा कणा होय. पक्षिशास्त्राच्या इतिहासात या डोंगररांगांना मानाचे स्थान आहे. नामशेष झाला असे समजला गेलेला रानपिंगळा 25 नोव्हेंबर 1997 रोजी याच सातपुड्याच्या परिसरात, शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आला.

रानपिंगळ्याची पहिली ओळख बंदुकीच्या मार्गाने झाली होती. एफ. आर. ब्लेविट यांनी 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडमधील फुलझर परिसरात मिळवलेल्या पक्ष्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये या जातीचे वर्णन केले आणि तिला ब्लेविट यांचे नाव दिले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी काही पक्षी टिपले. 1884 नंतर मात्र खात्रीलायक नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची अवघी सात कातडी जतन झाली होती. डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांनाही शोध घेऊन तो सापडला नाही.

खोट्या नोंदीचा फटका

या अपयशामागे एक खोटी नोंदही होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण 1914 मध्ये गुजरातेतील मांडवी येथे रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून चोरून, नव्याने शिवून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला असल्याचे निष्पन्न झाले. रासमुसेन आणि निगेल कॉलर यांनी 1999 मध्ये हे प्रकरण सविस्तर प्रसिद्ध केले. मांडवीची नोंद बाद ठरल्यावर शोधाची दिशा जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे शहाद्यापर्यंत पोहोचले आणि शेवटच्या खात्रीलायक नोंदीनंतर तब्बल 113 वर्षांनी रानपिंगळा दिसला.

या वेळी पक्ष्याला गोळी घालण्याची गरज पडली नाही. छायाचित्रे आणि चित्रफीत हाच पुरावा ठरला. त्यानंतर तळोदा, तोरणमाळ आणि मेळघाटातही तो आढळला. 2014 मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातून त्याची नोंद झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2018 मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. तरीही प्रौढ पक्ष्यांची संख्या 250 ते 999 इतकीच असावी, असा अंदाज आहे.

छायाचित्रात काय दिसले पाहिजे?

रानपिंगळा जेमतेम 23 सेंटिमीटर लांबीचा असतो. गावोगावी दिसणारा साधा पिंगळा त्याचा जवळचा नातलग असल्याने ओळखीत गफलत सहज होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी दिसते. गळ्याखालील गडद तपकिरी पट्टा, पोटाचा स्वच्छ पांढरा खालचा भाग, पंख व शेपटीवरील रुंद पांढरे पट्टे आणि दणकट पाय या त्याच्या खुणा होत. म्हणून केवळ समोरून घेतलेला चेहरा पुरेसा नाही. डोके, पोट आणि शेपटी दाखवणारी दोन-तीन छायाचित्रे असली, तरच नोंद भक्कम होते.

घुबडाच्या कुळातला असूनही हा पक्षी दिवसा वावरतो. सागाच्या विरळ जंगलात, पानगळ झालेल्या झाडाच्या उघड्या फांदीवर बसून तो सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि मोठे कीटक टिपतो. त्यामुळे फ्लॅशची गरज पडत नाही. अडचण असते ती अंतराची. पक्षी 25 मीटरवर असताना 600 मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर सुमारे साडेपाच मिलिमीटर उमटते. पूर्ण आकाराच्या सेन्सरची उंची 24 मिलिमीटर असल्याने पक्षी चौकटीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी जागा व्यापतो. परंतु 45 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एवढ्या भागातही उंचीच्या दिशेने सुमारे 1,250 बिंदू मिळतात. ओळख पटवायला ते पुरेसे आहेत. आणखी जवळ जाण्याचा मोह टाळण्यास हे साधे गणित उपयोगी पडते.

मिररलेसचे गुणदोष

एसएलआर कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्राच्या वेळी आरसा उचलला जातो आणि त्याचा आवाज होतो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसतो. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि तेच दृश्य व्ह्यूफाइंडरच्या छोट्या पडद्यावर दिसते. इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास आवाज अजिबात होत नाही. 2020 नंतर आलेल्या अनेक कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय आहे. सागाच्या फांद्यांच्या जाळीत बसलेल्या लहान पक्ष्यासाठी ती फार मोलाची ठरते. मात्र इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचत असल्याने वेगाने हलणारे पंख काही कॅमेऱ्यांत वाकडे उमटतात. उडत्या पक्ष्यासाठी यांत्रिक शटर आणि सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेग ठेवणे बरे.

600 मिलिमीटरपर्यंत पोहोचणाऱ्या झूम लेन्स साधारण दोन किलो वजनाच्या असतात. डोंगरातील पायपिटीत एकपायी स्टँड तिपाईपेक्षा सोयीचा. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरी चित्र धूसर करतात. त्यावर कितीही महागडी लेन्स उपाय करू शकत नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी काळवंडू नये म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवावे लागते. मणिबेलीसारख्या जलाशयाकाठच्या गावात खंड्या, बगळे आणि पाणकावळे टिपताना याच्या उलट काळजी घ्यावी लागते. पाण्याची तिरीप पांढऱ्या बगळ्याच्या पिसांचा तपशील पुसून टाकते.

छायाचित्रकाराची जबाबदारी

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी किंवा घरटे यांना उपद्रव देणे हेही येते. झाडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या रानपिंगळ्याच्या बाबतीत ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. त्याचा विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा लांबलचक असतो आणि शहरी छायाचित्रकारांच्या सहलीही याच महिन्यांत निघतात. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्षी बोलावल्यास तो घुसखोर आला असे समजून शिकार आणि पिल्ले सोडून धावून येतो. मणिबेलीलगत गुजरातच्या हद्दीत शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते.

नोंदीच्या दृष्टीने मूळ रॉ फाइल, तारीख आणि ठिकाण जपून ठेवावे आणि ते अभ्यासकांना व वन विभागाला कळवावे. सार्वजनिक ठिकाणी मात्र तालुक्यापलीकडचा तपशील देऊ नये. एका घरट्याभोवती रोज वीस कॅमेरे जमले, तर नीरव शटरचा काहीच उपयोग नाही.

मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याचा फटका बसलेले महाराष्ट्रातील पहिले गाव. 1993 मध्ये तेथे पाणी शिरले आणि 2019 मध्ये जलाशय 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. बुडालेल्या काठावरील झाडांत कोणते पक्षी राहत होते, हे आता कॅमेरा नेऊन पाहता येणार नाही. जे रान अद्याप उभे आहे, त्याची साक्ष मात्र नोंदवता येते. माइनर्ट्‌झहागेनच्या खोट्या चिठ्ठीने रानपिंगळ्याचा माग चुकवला होता. तारीख आणि ठिकाण प्रामाणिकपणे नोंदवलेले, पक्ष्याला न उठवता दुरून घेतलेले छायाचित्र थोडे लहान उमटले, तरी त्याचे मोल कमी होत नाही.