विसरभोळी फिल्म

दुप्पट वेळ शटर उघडं ठेवलं की दुप्पट प्रकाश, हे गणित फिल्म पाळत नाही हे वाचून मी चाटच पडलो होतो. चांदीच्या क्षाराच्या कणावर एक फोटॉन पडला आणि पुढचा वेळेत आलाच नाही, तर पहिल्याची खूण पुसून जाते. तेजोमेघांचा उजेड इतका मंद, की फिल्म बघता बघता विसरते!

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी यावर चक्क स्वयंपाक काढला. कोडॅकची टेक्निकल पॅन २४१५ फिल्म हवाबंद डब्यात, थोडा हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये कित्येक तास शेकायची. मग थंडीत तासभर डोळा दुर्बिणीला. फुलीवर धरलेला तारा जरा सरकला की बटण दाबून परत जागेवर. एक धक्का लागला की सगळी रात्र पाण्यात, आणि ते कळणार फिल्म धुतल्यावर. आमचं कंपाइलर निदान लगेच शिव्या घालतं :)

डिजिटल सेन्सरला विसरण्याचा हा रोग नाही. पाच-पाच मिनिटांचे वीस फोटो काढा, संगणकावर एकावर एक रचा, बिघडलेला फेकून द्या. पण गंमत बघा, साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा गडद लाल रंग बराचसा अडवतो. टेक पॅनला नेमका तोच छान दिसायचा! २००५ साली कॅननने खास आकाशासाठी २०डीए काढला. हौशी लोक मात्र त्याआधीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिल्टर उपटत बसले होते, वॉरंटी गेली तर गेली.