शिडांच्या पट्टीपासून उपग्रहापर्यंत

समुद्रावरच्या वाऱ्यातून किती वीज निघेल, याच्या आकड्यांत वाऱ्याइतकाच मोजणाऱ्याचा हेतूही उतरलेला असतो. ब्रिटिश आरमाराने १८३८ मध्ये स्वीकारलेली फ्रान्सिस ब्यूफर्टची पट्टी वाऱ्याचा वेग सांगतच नव्हती. युद्धनौकेवर किती शिडे उभारता येतात, त्यावरून अंश ठरे. बाराव्या अंशाला एकही शीड टिकत नसे. पुढे अमेरिकन आरमाराच्या मॅथ्यू मॉरीने जहाजांच्या नोंदवह्या चाळून वाऱ्याचे नकाशे काढले आणि कप्तानांना फुकट दिले. मोबदला एवढाच, की त्यांनी आपल्या सफरींच्या नोंदी धाडायच्या. सौदा चोख होता, पण नोंदी व्यापाराच्या वाटांवरच दाटल्या. शहाणा कप्तान वादळ टाळतो, त्यामुळे वारा जिथे सर्वांत जोरकस, तिथलीच पाने कोरी राहिली. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्क्यांनी चुकला, तर शक्तीचा हिशेब तब्बल एक तृतीयांशाने चुकतो.

उपग्रहांनी हा प्रश्न निकालात काढला, असे कोणी म्हणेल. १९७८ चा सीसॅट तीनेक महिन्यांतच बंद पडला, तरी १९९९ पासून क्विकस्कॅटने दशकभर जगभरचे समुद्र न्याहाळले, हे खरेच. पण त्याच्या रडारला दिसतात पाण्यावरच्या बारीक लाटा. त्यांवरून काढलेला वेग दहा मीटर उंचीचा, आणि पवनचक्कीचा आस असतो शंभर मीटरच्या आसपास. मधली उंची गणिताने भरून काढावी लागते.

दुसरी मर्यादा यंत्राची. डेन्मार्कमध्ये १९९१ साली व्हिंडेबीला समुद्रातली पहिली ११ चक्क्यांची रांग उभी राहिली, तीही अगदी उथळ पाण्यात. २०१७ मध्ये स्कॉटलंडजवळ तरंगत्या चक्क्या आल्या, तेव्हा खोल समुद्रही हिशेबात धरता येऊ लागला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१९ मध्ये जगभरच्या समुद्री वाऱ्यातून वर्षाला ४ लाख २० हजार अब्ज युनिट वीज निघू शकेल, असा अंदाज दिला. त्यात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याचा वाटा सुमारे ३६ हजार अब्ज युनिटांचाच आहे.

मग असे आकडे निरर्थक म्हणायचे का? मुळीच नाही. कुठे खोलात जाऊन मोजायचे, हे तेच दाखवतात. खंबातच्या आखातात २०१७ मध्ये बसवलेले लायडार याच कामासाठी होते: लेझरचे झोत वर सोडून, चक्कीची पाती जिथे फिरतील तिथलाच वारा मोजायचा.