हात धरून गिरवलेले अक्षर

संत मॅथ्यू पूर्वाश्रमीचा जकातदार. म्हणजे लिहिण्यावाचण्यात मुरलेला. परंतु रोममधील सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चसाठी १६०२ साली काराव्हाज्जोने तो रंगवला, तो निरक्षर शेतकऱ्यासारखा! पायावर पाय टाकलेला, मांडीवर ग्रंथ. आणि पंतोजीने धूळपाटीवर मुलाचा हात धरावा तसा देवदूत त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेत आहे. अंधारातून येणारा उजेड त्याच्या उघड्या पायांवर पडला आहे. ती पावले धर्मगुरूंना रुचली नाहीत व चित्र नाकारले गेले, असे चरित्रकार बेल्लोरी १६७२ साली लिहितो.

आज वेदीवर आहे ते दुसरे चित्र. येथे देवदूत अधांतरी राहून बोटांवर मुद्दे मोजतो. संताला स्पर्श करीत नाही. संत पंडित झाला आहे. तरी त्याचा गुडघा ज्या बाकावर टेकला आहे, ते कलंडण्याच्या बेतात आहे!

पहिले चित्र बर्लिनला गेले आणि १९४५ साली आगीत नष्ट झाले. उरली ती कृष्णधवल छायाचित्रे. ईश्वरी शब्दापुढे शिकलेलाही ओनामा गिरवणारा मूलच असतो, हा त्याचा अर्थ मात्र त्या छायाचित्रांतूनही स्पष्ट वाचता येतो.