शब्दवेध : बडोद्याचं 'एमएस'

बडोद्यात रिक्षावाल्याला 'एमएस' म्हटलं की तो आणखी काही विचारत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं, 1949 सालापासूनचं, हे घरगुती नाव. पण एकदा फाटकातून आत गेलं की ही दोन अक्षरं वाटेवाटेवर अर्थ बदलतात. वैद्यकीय महाविद्यालयात एमएस म्हणजे शल्यचिकित्सेची पदवी आणि मज्जासंस्थेचा एक चिवट आजारही, मल्टिपल स्क्लेरॉसिस. रसायनशास्त्रात मास स्पेक्ट्रोमेट्री, आयनांना त्यांच्या वस्तुमान आणि विद्युतभाराच्या गुणोत्तरानुसार वेगळं करणारं तंत्र. अभियांत्रिकीच्या कार्यशाळेत साधं पोलाद, माइल्ड स्टील.

मला मात्र यातला सर्वांत जुना अर्थ जवळचा वाटतो. तो याच विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात भेटतो. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात आणि 'स्क्रिप्टुस' म्हणजे लिहिलेलं. या जोडीतून मॅन्युस्क्रिप्ट आलं, म्हणजे आपलं हस्तलिखित. त्याचं लघुरूप एमएस. अनेक हस्तलिखितं असली की शेवटचा एस दोनदा लिहायचा, ही अनेकवचनाची जुनी लॅटिन रीत. इथल्या पंडितांनी देशभरातल्या पोथ्या ओळीओळीने ताडून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. 1960 ते 1975 या काळात तिचे सात खंड निघाले. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टाइपात पाठभेद दिलेले आहेत, आणि त्या प्रत्येक पाठभेदामागे कुणा लेखनिकाचा हात आहे.